बुलेटचे इंजिन: खोलणे आणि बांधणे

मोटारसायकलचे इंजिन खोलणे म्हणजे त्याचे भाग क्रमाने सुटे करणे, प्रत्येकाची झीज मोजणे, मापाबाहेर गेलेला भाग बदलणे किंवा लेथवर पुन्हा मापात आणणे आणि शेवटी सगळे परत बांधणे. गॅरेजमध्ये या कामाचे दोन दर असतात. हेड, सिलिंडर आणि पिस्टनपुरते काम ते ‘हाफ इंजिन’. चेंबर म्हणजे क्रँककेस उघडून क्रँकपर्यंत हात घातला की ‘फुल इंजिन’. घराच्या पडवीत किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हाफ इंजिन कोणत्याही धीराच्या माणसाला जमते. फुल इंजिनही जमते, मात्र त्यातला काही भाग वर्कशॉपमधून करून आणावाच लागतो. हैदराबादेत हे काम शिकायला सर्वांत योग्य गाडी म्हणजे लोखंडी सिलिंडरची ३५० सीसी बुलेट.

हे इंजिन मूळचे इंग्लंडमधल्या रेडिचचे, रॉयल एनफिल्डचे. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जोडले जात. पुढे भागही तिथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण त्याचे इंजिन मद्रासमध्ये मूळ रचनेत फारसा बदल न होता २०१०च्या सुमारापर्यंत बनत राहिले. नंतरच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच चेंबरमध्ये आले. इतकी वर्षे एकच रचना टिकल्याचा लाभ घरी काम करणाऱ्याला थेट मिळतो. सुटे भाग अजून बनतात, आणि या इंजिनाची खोड न खोड माहीत असलेली माणसे गावोगाव आहेत.

रचना तशी उघडीवाघडी आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, क्षमता ३४६ सीसी. एकच उभा सिलिंडर, हवेने थंड होणारा. सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. व्हॉल्व्ह वर, कॅम खाली चेंबरमध्ये आणि मधे दोन पुशरॉड. गिअरबॉक्स वेगळा, चेंबरच्या मागे बोल्टने जोडलेला. इंजिनाचे तेल वेगळे, प्रायमरी चेनचे वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे. डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे मोठे झाकण तर एकाच नटावर बसलेले. पेट्रोलची टाकी उतरवली की इंजिन फ्रेममधून न काढता हेड आणि सिलिंडर वर उचलता येतात. ज्यांनी हे यंत्र आखले त्यांनी ते पुन्हापुन्हा उघडले जाणार हे धरूनच आखले होते.

हे काम घरी जमण्यात हैदराबाद शहराचाही वाटा आहे. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत इथे यांत्रिक उद्योगाचा पाया घातला गेला: १९४२ मध्ये हैदराबाद ऑलविन, १९४३ मध्ये सिकंदराबादची प्रागा टूल्स. ऑलविनने पुढे पुष्पक नावाची स्कूटरही काढली. प्रागा टूल्स तर यंत्रे घडवणारी यंत्रे आणि लेथची साधने बनवी. १९६८ मध्ये बालानगरला हत्यारे आणि साचे यांच्या रचनेचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आली. आझमाबाद, सनतनगर आणि बालानगरच्या औद्योगिक वसाहतींभोवती लहान लेथवाल्यांचे जाळे वाढले. सुट्या भागांसाठी सिकंदराबादचे राणीगंज आणि कोठीजवळची पुतलीबावली ही ठिकाणे. जुनी हत्यारे हवी असतील तर रविवारी एर्रागड्डा आणि गुरुवारी जुमेरात बाजार धुंडाळावा. हत्यारांची गोष्ट किरकोळ नाही. लोखंडी बुलेटवरचे पुष्कळ नट ब्रिटिश मापाचे असतात. त्यांवर मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ’ बसतो आणि त्या जवळजवळपणातच नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या बाजारात मिळालेला योग्य मापाचा पाना नव्या चकचकीत संचाहून मोलाचा.

खोलण्याआधी निदान करावे. सतत निळा धूर निघत असेल तर तेल जळते आहे. रिंग, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, आणि तो दोष कार्ब्युरेटरचा. किक दाबताना पायाला विरोधच लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेले आहे. बुलेटची एक सवय मात्र लक्षात ठेवायला हवी. गाडी महिनाभर उभी राहिली की तेलाच्या टाकीतले तेल पंपामधून हळूहळू क्रँकच्या भागात उतरते, आणि पहिल्या किकनंतर काही मिनिटे दाट निळा धूर निघतो. पंपाने ते तेल परत टाकीत ओढले की धूर थांबतो. हा धूर पाहून घाबरून कितीतरी चांगली इंजिने विनाकारण खोलली गेली आहेत. धूर थांबतो की नाही, हे दहा मिनिटे पाहण्याएवढी सबुरी हवी.

काम ठरले की गाडी मधल्या स्टँडवर घेऊन बाहेरून स्वच्छ धुवावी, कारण दख्खनच्या ग्रॅनाइटची धूळ गारगोटीच्या कणांची असते आणि ते कण बिडापेक्षा कठीण असतात. एक चिमूट आत गेली तर नवा सिलिंडर लवकर झिजतो. तेल काढून पेट्रोलची टाकी, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर उतरवावेत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि रॉकरवर ताण राहत नाही. मग रॉकर काढावेत, पुशरॉड कोणता कुठला ते खूण करून ठेवावेत. हेडचे नट एकदम सोडवायचे नसतात. समोरासमोरचे नट पाव-पाव फेऱ्याने सैल करत जावे, नाहीतर हेड वाकते. सिलिंडर उचलताना पिस्टन पूर्ण बाहेर येण्याआधी खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. पिस्टन पिनची सर्क्लिप उडून चेंबरमध्ये पडली, तर हाफ इंजिनाचे फुल इंजिन व्हायला वेळ लागत नाही. पिन हातोडीने ठोकू नये. गरम पाण्यात भिजवलेले फडके पिस्टनभोवती धरले की ॲल्युमिनियम फुगते आणि पिन अंगठ्याने सरकते.

यानंतरचे मोजमाप हा सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि घाईत नेमका तोच टाळला जातो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला असतो तेव्हा स्फोटाचा दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी असते, म्हणून वरच्या रिंगची चाल जिथे संपते तिथे खड्डा सर्वांत खोल. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टनला पुढच्या-मागच्या भिंतीवर दाबतो, म्हणून त्या दिशेला झीज अधिक. हे पकडायचे तर बोअर गेजने वर, मधे आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येकी दोन दिशांनी मापे घ्यावीत. दोन दिशांतला फरक सिलिंडर किती लंबगोल झाला ते सांगतो. वर-खालचा फरक तो किती निमुळता झाला ते. अगदी काठाजवळ, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे जुने माप शाबूत असते. बोटाचे नख तिथल्या पायरीला अडले तर वेगळा पुरावा लागत नाही. ही सारी मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहायची असतात. माणसाचा केस त्यापुढे जाडजूड ठरतो.

झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून देण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि ती पैसे वाया घालवणारी आहे. गोल रिंग लंबगोल भिंतीला टेकणार कशी? काही आठवडे गाडी बरी चालते, मग धूर परत येतो. सिलिंडर मर्यादेबाहेर गेला असेल तर बोअर करून मोठा पिस्टन घालणे हाच सरळ मार्ग. साधारण अर्धा आणि एक मिलिमीटर वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. एक मिलिमीटर वाढीवर क्षमता ३४६वरून सुमारे ३५६ सीसी होते. पिस्टन आधी घ्यावा आणि तो सिलिंडरसोबत लेथवाल्याच्या हाती द्यावा, कारण बोअर पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावरून ठरतो, डब्यावरच्या आकड्यावरून नव्हे. बोअरनंतर होनिंगने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटवतात. त्यांत तेल धरून राहते. घरी आणल्यावर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवावा. होनिंगची करडी भुकटी पेट्रोलने निघत नाही. पांढरे फडके आतून फिरवल्यावर पांढरेच राहिले की लगेच तेलाचा हात द्यावा, कारण उघड्या बिडावर तासाभरात गंज धरतो.

हेडचे बहुतेक काम घरी होते. व्हॉल्व्हच्या कडेला घासायची पेस्ट लावून तो आपल्या बैठकीवर पुढे-मागे फिरवतात, मधूनमधून उचलून जागा बदलतात. थोड्या वेळाने घासल्याचा खरखरीत आवाज मऊ होतो आणि व्हॉल्व्हवर व बैठकीवर अखंड, एकसारखी राखाडी कडी उमटते. कडी कुठे तुटली असेल तर काम बाकी आहे. पेस्ट पूर्ण पुसून, स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतावे. दुसऱ्या बाजूला ओल दिसली नाही म्हणजे बैठक धरली. गाइडमध्ये व्हॉल्व्ह डगडगत असेल तर मात्र नुसते घासून उपयोग नाही. गाइड बदलून बैठक पुन्हा कापावी लागते.

चेंबर उघडायचे की नाही, हे क्रँकवरून ठरते. पिस्टन काढलेला असताना कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढावा. बाजूला थोडी हालचाल असणे योग्यच, पण उभ्या दिशेने ‘टक’ जाणवले तर बिग एंड, म्हणजे रॉडचा क्रँककडचा जोड, गेला. लोखंडी बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात, तरंगता बुश असतो. तो पूर्णपणे तेलाच्या भरवशावर चालतो आणि तेलाची हयगय झाली की आधी तोच मरतो. क्रँक सोडवताना उजव्या बाजूला तेलपंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे हे ठाऊक हवे. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा तो आणखी घट्ट करतो आणि शेवटी मोडतो. नवा क्रँकपिन बसवून दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आणणे हे डायल गेज आणि अनुभवी हात मागणारे काम. इथे दखनीत बोलणाऱ्या एखाद्या जुन्या उस्तादाकडे क्रँक सोपवण्यात कमीपणा नाही. चेंबरच तडकले असेल तर ते परस्पर बदलू नये. इंजिन नंबर त्यावरच कोरलेला असतो आणि आरसीवरही तोच असतो, म्हणून बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते.

बांधणी सुरू करताना प्रत्येक भाग स्वच्छ आणि तेलात भिजलेला असावा. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजतात. व्यासाच्या दर २५ मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर हा ढोबळ नियम धरला तर ७० मिलिमीटरला सुमारे ०.२८ येते. फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगची टोके भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. पिस्टनवर या फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत. टायमिंगच्या चाकांवरच्या खुणा जुळवाव्यात, नवीन पॅकिंग घालावे, हेडचे नट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

टॅपेट बसवणे, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणे, हा या इंजिनाचा सर्वांत सुंदर भाग. इथे फीलर गेज लागत नाही. पुशरॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असल्याने इंजिन तापल्यावर तेही वाढतात, म्हणून थंड इंजिनात फट शून्य ठेवतात. सिलिंडरच्या बुडाशी असलेले छोटे झाकण काढून पुशरॉड दोन बोटांत धरायचा: तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. लॉकनट आवळताना हे माप हमखास बिघडते, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघणे आलेच. यानंतर ठिणगीची बाजू: डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीची वेळ लावताना पिस्टन वरच्या टोकाच्या सुमारे ०.८ मिलिमीटर खाली ठेवून पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरतात. डिस्ट्रिब्युटर फिरवताना कागद ज्या क्षणी सुटतो, ती जागा पक्की करतात.

पहिली किक मारण्याआधी प्लग काढून बराच वेळ नुसते इंजिन फिरवावे, म्हणजे तेल सगळीकडे पोचते. सुरू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा जोड किंचित सैल केला की तेल पाझरताना दिसायला हवे. दिसले नाही तर लगेच बंद करावे. पहिले ५०० किलोमीटर सावकाश, पण वरच्या गिअरमध्ये गुदमरवत नव्हे. गिअर बदलत, वेग कमीजास्त करत चालवले की रिंगा भिंतीला बसतात. चाळीस अंशांच्या वरच्या हैदराबादी मे महिन्यात हे अंतर पहाटे कापावे. हवेने थंड होणारे नवे इंजिन दुपारच्या सिग्नलांवर उभे ठेवू नये. ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलतात. निघालेले तेल कायद्याने घातक कचरा आहे. नाल्यात किंवा मातीत न ओतता ते कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल असे पाहावे. त्याच वेळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, हेडचे नट परत एकदा आवळावेत. पॅकिंग दबल्याने ते थोडे सैल झालेले असतात, आणि ते आवळले की टॅपेटचे मापही नव्याने घ्यावे लागते.