संगणकाची नोकरी : खोटा दाखला नको, खरे काम दाखवा

आपल्या समाजातील अनेक कारागिरांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना संगणकाचे शिक्षण दिले. पदवी हाती आली. पण सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळेना, अशी तक्रार आता घरोघरी ऐकू येते.

दोष केवळ मुलांचा नाही. कोरोनाच्या काळात कंपन्यांनी भरमसाट भरती केली. पुढे हात आखडता घेतला. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे ठरविले. त्यातच नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नवशिक्यांकडून करवून घेतली जाणारी सोपी कामे यंत्राकडून होऊ लागली.

कंपनी अनुभव मागते आणि नोकरीवाचून अनुभव मिळत नाही. नेमक्या या अडचणीत दलाल भेटतो. पैसे घेऊन तो दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला देतो. बापाने साठविलेली पुंजी त्यात जाते. कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासतात. खोटेपणा उघड होताच नोकरीही जाते आणि नावही. मदीनेच्या बाजारात वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतील ओल दाखवून दिली, हा प्रसंग आपण व्यापारी मंडळी जाणतोच. खोटा दाखला हे तसलेच ओले धान्य आहे.

मग उपाय काय? सुतार गिऱ्हाइकाला पदवी दाखवीत नाही, केलेले कपाट दाखवितो. मालेगाव-भिवंडीच्या मजुरीवर चालणाऱ्या कारखान्यात सूत किती आले, कापड किती गेले, घट किती झाली आणि कारागिराची आठवड्याची मजुरी किती निघाली, हा हिशेब आजही अनेक ठिकाणी वहीवर चालतो. मुलाने एका कारखान्यासाठी याचा प्रोग्रॅम तयार करावा. तो रोज वापरला जावा, चुका निघाव्यात, त्या त्याने दुरुस्त कराव्यात. यंत्राची मदत घ्यावी. मात्र प्रत्येक ओळ का लिहिली, हे मुलाखतीत सांगता आले पाहिजे. मालकाचे खासगी आकडे वगळून हे काम कंपनीला दाखवावे.

पदवीधर व पदविकाधारकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनाही आहे. तीत विद्यावेतन मिळते आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र खरे असते.

व्यापारी बांधवांनाही एक विनंती. ओळखीच्या मुलाला असे काम द्या, पण फुकट राबवू नका. मजुरी आधी ठरवा, पावती करा, काम चोख झाल्यास तसे लेखी द्या. आपल्या सहीचा तो कागद दलालाच्या दाखल्याहून मोलाचा ठरेल. इन्शाअल्लाह, त्याच्या पहिल्या नोकरीची वाट आपल्या दुकानातूनच निघेल.