घरातील कॅमेरा आणि परकी नजर

फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील सीसीटीव्हीची चित्रणे चव्हाट्यावर आली आणि या प्रकरणी अटक झालेल्यांपैकी एक संशयित लातूरचा निघाला, तेव्हा भिंतीवरच्या या राखणदाराविषयी नांदेड-लातूरच्या प्रत्येक कुटुंबाने गांभीर्याने विचार करणे क्रमप्राप्त झाले. दूरवरून मोबाइलवर घर दाखवणारा कॅमेरा हा वस्तुतः इंटरनेटला जोडलेला संगणकच असून, २०१६ साली मिराई नामक दुष्ट प्रणालीने कारखान्यातूनच आलेले साठेक ठरावीक पासवर्ड आजमावून अशी लक्षावधी उपकरणे अंकित केली होती. म्हणून पासवर्ड तत्काळ बदलावा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, गरज नसल्यास दूरस्थ जोडणीच बंद करावी आणि शयनगृहात कॅमेरा मुळीच लावू नये, एवढा बंदोबस्त प्रत्येकाने आजच करावा.