दोर गुंतला आणि मासा लागला

भाईंदर पश्चिमेला राई, मुर्धा, मोरव्याच्या बाजूला मिठागरं आणि तिवरं यांच्यामधून खाडीच्या बारीक फांद्या आत शिरतात. असलं गढूळ, मचूळ पाणी जिताड्याला मानवतं. अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या बास माशाशी त्याचं कूळ जुळत नाही, शिकारीची रीत मात्र जुळते. आडोशाला दबा धरायचा आणि भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा उघडायचा.

बास पकडणाऱ्या अनेकांना एक युक्ती अपघातानेच सापडते. गळ फेकताना रिळावर दोराचा गुंता होतो. तो सोडवेपर्यंत आमिष म्हणून लावलेली रबरी अळी बुडत जाते आणि तळाशी पडून राहते. गुंता सुटल्यावर दोर ओढावा, तर पलीकडे मासा! आमिष सतत हलवायचं असं शिकलेल्याला हा नशिबाचा भाग वाटतो. त्यात नशिबापेक्षा दाबाचा हिशेब जास्त आहे.

असे मासे भक्ष्य चावत नाहीत, शोषतात. जबडा आणि गालफडं सेकंदाच्या काही शतांश भागात फाकतात, तोंडातला दाब एकदम घटतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. दोर ताणलेला असेल, तर आमिषाला त्या पाण्याबरोबर मोकळेपणी जाता येत नाही. सैल दोरावरचं हलकं आमिष सहज आत जातं. मला तर वाटतं, या युक्तीचं निम्मं श्रेय स्थिरतेला नसून ढिल्या दोराला आहे.

पण पडून राहिलेली वस्तू गढुळात कळते कशी? माशाच्या अंगावरून जाणारी पार्श्वरेषा पाण्याची हालचाल टिपते. डच शास्त्रज्ञ स्वेन डायक्ग्राफ यांनी १९३०च्या दशकात तिचं काम प्रयोगांतून उलगडलं. अगदी स्थिर वस्तू स्थिर पाण्यात असेल, तर या रेषेला सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. अळी बुडताना थरथरते, ओहोटीच्या ओढीत तिची शेपटी हलते, तेवढ्यावर तिची चाहूल लागते. शिवाय जिताड्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडही त्याला पुरतो. रात्री विजेरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात ते यामुळेच.

एक मासा लागला म्हणून युक्ती सिद्ध होत नाही. त्याच जागी, त्याच ओहोटीत एक फेक ओढत आणायची, पुढची ढिली सोडायची, आणि रिकाम्या गेलेल्या फेकीही वहीत लिहायच्या. गळवाले नेमकं हेच टाळतात.