माग चालतो की धावतो?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. नववीतल्या एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘माय फादर्स लूम वॉक्स डे अँड नाइट.’ मी ‘वॉक्स’वर लाल फुली मारली, वर ‘रन्स’ लिहिले आणि ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. तिचे नेमके काय चुकले, हे मी तिला सांगू शकले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. मग मी ‘रन’चा शोध घ्यायला बसले.

१९२८ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती पूर्ण झाली, तेव्हा त्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. नव्या संपादनात तो मान ‘रन’कडे गेला. क्रियापद म्हणून त्याचे सहाशेहून अधिक अर्थ तिथे नोंदलेले आहेत. ‘रन’ म्हणजे धावणे, एवढेच आपण शाळेत शिकवतो. पण प्राचीन इंग्रजीत या शब्दात धावण्याबरोबर वाहणेही होते. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नळ होतो आणि सर्दीत नाकही होते. कच्च्या रंगाची चादर धुतली, तर तिचा रंगसुद्धा ‘रन’ होतो.

मराठीने ही कामे वाटून दिली आहेत. पाणी वाहते, पाय धावतात, रंग जातो, रस्ता कुठेतरी जातो. क्रिकेटमधली ‘रन’ आपण ‘धाव’ केली. पण निवडणुकीत अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो, तर आपला उभा राहतो. यंत्र, दुकान, शाळा, संसार यांच्यासाठी मात्र आपल्याकडे एकच शब्द आहे : चालणे. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी मिल चालत होती, नंतर ती बंद पडली. ती ‘धावत होती’ असे कोणी म्हटले, तर सोलापूरकर त्याच्याकडे बघत राहील. रेल्वे आणि एसटी धावतात, कारण त्या जागा सोडून पुढे जातात. माग जागचा हलत नाही.

मग तो चालतो कसा? संस्कृतातल्या ‘चल्’ धातूचा अर्थ हलणे, हालचाल करणे असा आहे. पायांचा त्याच्याशी संबंध असलाच पाहिजे, असे नाही. धोटा इकडून तिकडे जातो, फणी पुढे-मागे होते, म्हणून माग चालतो. याच शब्दातून पुढे ‘चालू’ आणि ‘चालरीत’ आली. नोटही चालते, आणि पाहुण्यांना ‘चहा चालेल का?’ असे आपण विचारतो. इथे ‘रन’ अजिबात उपयोगी पडत नाही.

त्या मुलीच्या घरी तेलुगू बोलत, शेजारी कन्नड, गल्लीत उर्दू आणि शाळेत मराठी. तेलुगूतला ‘नडु’ आणि कन्नडमधला ‘नडे’ हे धातू पायी चालण्याचे आहेत आणि धंदा चालण्याचेही. उर्दूतले ‘चलना’ तसेच. म्हणजे तिच्या कानावर पडणाऱ्या चारही भाषांमध्ये पायांचे आणि कामाचे चालणे एकाच शब्दात होते. तिने त्यांचा समान नियम इंग्रजीला लावला. इंग्रजीने तो मोडला होता, एवढेच. तिचा शब्द चुकला. तर्क चुकला नव्हता. मी फुली मात्र दोन्हींवर मारली.

आता मी फळ्यावर आधी ‘चालणे’ लिहिते आणि मुलांकडून वाक्ये मागते. घर चालते, घड्याळ चालते, बाळ चालते, चादरीचा धंदा चालत नाही. मग एकेका वाक्यापुढे इंग्रजी क्रियापद लिहायचे. ‘वॉक’ फक्त बाळाच्या वाट्याला येते. घड्याळापुढे आणि धंद्यापुढे ‘रन’ लिहिताना आता कोणी हसत नाही. ‘चालेल’पाशी आम्ही सगळेच अडतो, आणि तो तास सगळ्यांत चांगला होतो. एवढे सांगायला त्या दिवशी मला दहा मिनिटे पुरली असती.