पाते परक्याचे, मूठ आपली

नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या आसपास कृपाण, कडे, कंगवे आणि तलवारी विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. कृपाण घ्यायला आलेले गिऱ्हाईक सहसा आधी धार बघत नाही, मूठ हातात घेते. चार बोटे नीट बसली का, अंगठा कुठे टेकतो, एखादी कड टोचते का, हे सगळे चाचपून झाले की मग पाते बोटभर म्यानाबाहेर येते आणि लगेच आत जाते. एका मापाची पाती बहुतेक एकसारखीच असतात. निवड होते ती मुठीवरून. कुणाला साधी पोलादी हवी असते, कुणाला पितळी नक्षीची, कुणाला शिसवी लाकडाची, तर कुणाला रंगीत खडे जडवलेली. निहंग या शस्त्रधारी शीख पंथातल्या मंडळींना मात्र सर्वलोह प्रिय, म्हणजे निव्वळ लोखंड. त्यांच्यापुढे खडे आणि मीनाकारी ठेवून उपयोग नसतो.

शस्त्राचा एवढा जिव्हाळा या गावाला का, याचे उत्तर १७०८ सालात आहे. गुरू गोविंदसिंग मुघल बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि गोदाकाठी थांबले. इथेच माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला, आणि त्याला पंजाबात पाठवताना गुरूंनी आपल्या भात्यातले पाच बाण दिले, असे शीख परंपरा सांगते. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला गुरूंचे देहावसान झाले. गुरुद्वाराची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. आतल्या दालनात गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत. त्यांत सोन्याची कट्यार आहे, पस्तीस बाणांचा भाता आहे, दोन धनुष्ये, पाच सोनेरी तलवारी आणि मौल्यवान खडे जडवलेली पोलादी ढालही आहे. गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथही इथे मांडलेला असतो, आणि त्या ग्रंथात शस्त्रांच्या नावांचीच एक स्वतंत्र रचना आहे. शस्त्राची नावे जिथे भक्तिभावाने घेतली जातात, तिथे मुठीवर खडा जडवणाऱ्याला काम कमी पडायचे नाही.

हत्यारे घडवण्या-उजळण्याचे काम परंपरेने शिकलगारांचे. ‘सैकल’ म्हणजे झिलई, हा अरबी शब्द. मराठीत त्याची ‘शिकल’ झाली आणि हत्यारांना शिकल करणारा तो शिकलगार. या नावाचा शीख समाज नांदेडात आहे. गुरूंच्या फौजेची हत्यारे घडवणारे आणि उजळणारे ते आपले पूर्वज, असे हा समाज सांगतो. पुढे इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा आणला आणि हत्यारांचे गिऱ्हाईक आटले. मग त्याच हातांनी कढया, बादल्या, चाळण्या, कुलपे घडवली आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव विकली. ज्यांचे आजोबा-पणजोबा तलवारीला पाणी देत होते त्यांच्याकडून मराठवाड्यातल्या कित्येक घरांनी पुरणाची कढई घेतली असेल, आणि घेणारीला त्याचा पत्ताही नसेल.

पाते एकाचे आणि मूठ दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मराठ्यांची आवडती सरळ तलवार ‘फिरंग’ म्हणून ओळखली जाते, कारण तिचे पाते बहुधा फिरंग्यांच्या मुलखातून आलेले असे. पाते जहाजातून यायचे आणि मूठ इथे चढायची. लंडनच्या राजसंग्रहातली ‘जगदंबा’ तलवार आपल्याकडे दर काही वर्षांनी बातमीत येते. तिचे पाते युरोपी आहे आणि त्यावर आय-एच-एस हा ख्रिस्ती ठसा तीनदा उमटवलेला आहे. मूठ मात्र अस्सल मराठी आहे. लोखंडी, बोटांना आडोसा देणारी परज असलेली, वर सोन्याचे जाळीदार फुलकाम आणि त्यात हिरे-माणके. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली तिचीही गोष्ट हीच. पाते युरोपी घडणीचे, पाठीवर देवनागरी लेख सोन्याने भरलेला, आणि मूठ मुल्हेरी घाटाची, तीही सोन्याची तार ठोकलेल्या कोफ्तकामाची. परदेशी पाते वापरले म्हणून सरदाराचा मान कमी झाला नाही. मालकाचा थाट मुठीवर दिसे.

खरे तर पात्यासाठी आपल्याला समुद्रापार जायची गरज नव्हती. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या मुशींत वूट्झ पोलाद तयार होई. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या तलवारी याच जातीच्या पोलादाच्या. या मालासाठी इराणचे व्यापारी कोनसमुद्रमपर्यंत येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूवैज्ञानिकाने ती कृती पाहून लिहून ठेवली आणि १८३२ मध्ये ती छापून आली. आज तिथे भट्ट्या पेटत नाहीत. लहरींची नक्षी अंगातच असलेले ते पाते गेले, आणि नक्षीचा सगळा भार मुठीवर आला.

मुठीवरच्या नक्षीच्या दोन मुख्य रीती. पहिली कोफ्तगरी. लोखंडी मुठीवर बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या रेघांचे इतके दाट जाळे पाडायचे की पृष्ठभाग कानशीसारखा खरबरीत लागावा. त्यावर केसाएवढी सोन्याची किंवा चांदीची तार नक्षीप्रमाणे वळवत, हलक्या हातोडीने ठोकत न्यायची. तार त्या खरबरीतपणात दात रोवून बसते. मग ताव देऊन अकिकाच्या दगडाने घोटायचे. सोने चकाकते आणि रेघांचे जाळे दबून नाहीसे होते. उदयपूरला हे काम आजही चालते.

दुसरी रीत आपल्या उंबऱ्यावरची, बिदरी. बीदर कर्नाटकात आहे म्हणून लातूरकरांनी तिला परकी मानायचे कारण नाही, कारण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. बिदरीचा धातू म्हणजे पुष्कळसे जस्त आणि थोडे तांबे. वाळूच्या साच्यात ओतून कानशीने साफ केला की तो राखी-पांढरा दिसतो. त्यावर मोरचुदाचे पाणी फासतात आणि तो तात्पुरता काळवंडतो. ही युक्ती नक्षी काढणाऱ्याच्या सोयीची, कारण काळ्यावर कलमाने ओढलेली रेघ लख्ख उमटते. कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात, पुन्हा सगळे कानशीने सपाट करतात आणि तोवर नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. पांढऱ्यावर पांढरे. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी, ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून उकळतात आणि ते मिश्रण तापवलेल्या वस्तूच्या अंगाला लावतात. थोड्या वेळात धातू कोळशासारखा काळा होतो, चांदीला मात्र डागही लागत नाही. तेलाचा हात फिरवला की संपली कृती. कारागीर म्हणे माती जिभेवर ठेवून पारखतो. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिरांना २०२३ मध्ये पद्मश्री.

पाते एकाचे आणि मूठ दुसऱ्याची, नेमका हाच व्यवहार सातासमुद्रापारही चालतो. अमेरिकेच्या नैऋत्येकडील नवाहो कारागीर कारखान्यात बनलेले घडीचे चाकू घेतात, मुठीवरची साधी पट्टी काढतात आणि तिथे फिरोजा, पोवळे, शिंपला यांचे तुकडे घासून, एकमेकांना केसभरही फट न ठेवता बसवतात. चांदीचे काम नवाहोंमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुजले, तेही मेक्सिकोकडून आलेल्या लोहार-सोनारांच्या संगतीने. चाकू कंपनीचा, पण संग्राहक पैसे मोजतो ते मुठीचे. नांदेडच्या बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

कायद्याचे लक्ष अर्थात मुठीकडे नसते. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने कृपाण बाळगणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे. देशांतर्गत विमानातही २०२२ च्या आदेशानुसार शीख प्रवाशाला कृपाण नेता येते, मात्र पाते १५.२४ सेंटिमीटरपेक्षा आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पाते पुऱ्या मापाचे धरून वजाबाकी केली तर मुठीच्या वाट्याला सुमारे साडेसात सेंटिमीटर येतात. तेवढ्यात पंजा मावायचा नाही आणि नक्षी तर बेतानेच.

खंडेनवमीला जुन्या वाड्यांतून तलवारी पूजेला निघतात, तेव्हा एखादीची मूठ डुगडुगताना सापडते. पाते मुठीत स्क्रूने बसवलेले नसते. मुठीच्या पोकळीत लाख आणि राळेचे मिश्रण भरून त्यात पात्याची निमुळती शेपटी रोवलेली असते, आणि शंभर वर्षांत ती लाख भुकटी होते. जाणकार कारागीर मूठ मंद आचेवर धरतो. आधी राळेचा वास सुटतो, मग मुठीच्या तोंडातून काळसर थेंब ओघळतो आणि पाते अलगद हातात येते. पोकळी खरवडून साफ केली जाते आणि ताजी लाख वितळते. पाते परजेच्या रेषेत आहे ना, हे एक डोळा मिटून बघितल्यावर मगच तो मूठ ओल्या फडक्यात गुंडाळतो आणि गार होईपर्यंत कुणालाही हात लावू देत नाही.