कुठे जातोस, पत्ता सांग

नोव्हेंबर 2018 मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात एक चोरी उघडकीला आली. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड होणारं छोटंसं पॅकेज. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, म्हणून मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ते सोपवलं. त्या पाहुण्याने आत आणखी एक पॅकेज जोडून दिलं. ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटच्या किल्ल्या चोरून परक्या सर्व्हरला पाठवणं, हे त्याचं काम. त्याला कुणी हटकलं नाही, कारण हटकायची पद्धतच नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये रायन डाल बर्लिनला बोलला होता. 2009 मध्ये नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा रनटाइम, घडवणारा हाच माणूस. नोडबद्दल आपल्याला कशाकशाची हळहळ वाटते याची यादीच त्याने वाचून दाखवली. सुरक्षेकडे झालेलं दुर्लक्ष त्यात होतं. नवा रनटाइम त्याने तिथेच जाहीर केला: डेनो.

डेनोतही जावास्क्रिप्ट चालवतं ते गूगलचं व्ही8 इंजिनच. गंमत अशी, की या इंजिनाला स्वतःहून नेटवर जाता येत नाही. भाषेच्या मानकात सॉकेट नाहीच. ती ताकद बाहेरून, रस्ट भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शनमधून येते. स्क्रिप्टने ‘अमुक पत्त्याला जोडून दे’ म्हटलं, की विनंती रस्टमधल्या एका फंक्शनकडे जाते. डेनोवाले त्याला ‘ऑप’ म्हणतात. सॉकेट उघडण्याआधी परवानगी तपासली जाते ती इथे. तपासणी जावास्क्रिप्टच्या पलीकडे असल्यामुळे स्क्रिप्टने आपली फंक्शनं कितीही फिरवली, तरी तिला ती टाळता येत नाही.

मात्र हो की नाही, हे एक्स्टेन्शन ठरवत नाही; ते फक्त विचारतं. हा रनटाइम आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवणाऱ्याने उत्तर देणारा एक ऑब्जेक्ट सुरुवातीलाच रनटाइमच्या स्टेटमध्ये ठेवायचा असतो. तो ठेवायला विसरलात, तर पहिल्याच जोडणीला प्रोग्रॅम कोसळतो. मला हे आवडतं: विसराळूपणामुळे दार उघडं राहत नाही. खरा धोका वेगळाच आहे. वेळ वाचवायला प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा ऑब्जेक्ट लिहिला, तर सगळं बिनबोभाट कंपाइल होतं, नमुना चालतो आणि तपासणी नावापुरती उरते.

डेनो थेट वापरणाऱ्याला नेटची परवानगी ‘अलाऊ-नेट’ या पर्यायाने देता येते. तो न देता स्क्रिप्ट नेटवर जाऊ पाहील, तर डेनो टर्मिनलवर विचारतो आणि नकार दिला की स्क्रिप्टला एरर मिळते. युनिक्स सॉकेट म्हणजे डिस्कवरचा एक पत्ता, म्हणून त्यासाठी फाइल वाचण्या-लिहिण्याची परवानगी मागितली जाते.

यालाही मर्यादा आहेतच. परवानगी अख्ख्या प्रोग्रॅमला मिळते, एकेका पॅकेजला नाही. सरसकट नेट उघडलंत, तर इव्हेंट-स्ट्रीमसारखा पाहुणाही त्याच दारातून जाणार. ‘अलाऊ-रन’ने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर तर डेनोचं बंधनच नसतं. आणि सगळ्याच परवानग्या एकदम देणारा ‘अलाऊ-ऑल’ ही कोऱ्या कागदावरची सही आहे. घाईत ती करणारे पुष्कळ.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अलाऊ-नेट’ लिहिलंत, की तिथेच थांबू नका. पुढे बरोबरचं चिन्ह टाका आणि ज्याची खरंच गरज आहे त्याच सर्व्हरचं नाव लिहा, जमलं तर पोर्टसकट.