भूत बघायचं तर आपल्याकडचं!

रूममेट म्हणतो, हॉरर म्हणजे हॉलिवूडच. पण मित्रा, तिथले बर्फातले बंगले आपण कुठे पाहिलेत? ओळखीच्या जागेत भूत शिरलं की खरी टरकते. म्हणून आधी राही बर्वेंचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण वाडा, माणसं, हाव सगळी मराठी. आणि तो पाऊस! जुलैत शहापूर-मुरबाडची भातखाचरं तुंबली की अगदी तस्साच कोसळतो. 'लपाछपी'त (२०१७) भीती भरदिवसा, उसाच्या फडात. गरोदर पूजा सावंतची घालमेल बघवत नाही. विशाल फुरियांनीच त्याचा हिंदी 'छोरी' (२०२१) केला, पण मूळच बघ. हसत घाबरायचं असेल तर 'झपाटलेला' (१९९३). रामदास पाध्यांचा तात्या विंचू एवढासा बाहुला, म्हणूनच कॉटखालीही मावतो! टॉर्च तेवढा उशाशी ठेव; पावसात लाइटचा काही नेम नाही.